समुद्र दिसणाऱ्या खोलीचा हिशोब

वाचकाचं पत्र : आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून आम्ही समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहायचं ठरवलं आहे. मला समुद्र दिसणारी खोली हवी आहे. मिस्टर म्हणतात, बागेकडची घेऊ, खोलीत काय नुसतं झोपायचंच असतं. मागे असेच एका ठिकाणी गेलो होतो तेव्हा ह्यांनी खिशात वही ठेवली होती. कॉफी मागवली की वही बाहेर. शेवटच्या दिवशी मी कॉफी घेतलीच नाही. या वेळी जावं, की पैसे बँकेतच बरे, असं वाटायला लागलंय. काय करू?
ता. क. : सकाळच्या बुफेतून दुपारचं डब्यात भरून घेतलं तर ती चोरी होते का? मिस्टर म्हणतात, पैसे भरलेत ना?
– कॉफी न घेतलेली

उत्तर :

जा. पैसे बँकेत ठेवून ती न घेतलेली कॉफी काही परत मिळणार नाही, आणि पुढच्या वर्षी दर वाढलेले असतील ते वेगळंच.

आधी वहीबद्दल. तुम्हाला तिचा राग आलाय हे कळतंय, पण वर्षभर पैसे बाजूला पडले त्यात त्या वहीचा हात असणारच. तिला घरातून हाकलू नका, फक्त तिची वेळ बदला. १९९८ साली ड्रेझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन या दोन अभ्यासकांनी लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. आठवडाभराच्या सहलीचे पैसे हप्त्याहप्त्याने आधी भराल की आल्यावर? बहुतेकांनी आधी भरू म्हणून सांगितलं. तोच प्रश्न कपडे धुण्याच्या मशीनबद्दल विचारला, तर बहुतेकांना नंतर भरायचे होते. मशीन पुढे वर्षानुवर्षं कपडे धुणार असते, त्यामुळे हप्ता भरताना हातात काहीतरी मिळतंय असं वाटतं. सहल संपली की संपली. तिचे हप्ते मागाहून भरणं जिवावर येतं, आणि आधी भरून टाकले असतील तर तिथले दिवस फुकट मिळाल्यासारखे वाटतात. तुमच्या मिस्टरांचं दुखणं नेमकं इथेच आहे. ते कंजूष आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. कंजूष माणूस रिसॉर्टचं नावच काढत नाही. त्यांना प्रत्येक घोटाला पैसे मोजावे लागतात, म्हणून प्रत्येक घोट टोचतो.

तेव्हा निघण्याआधी एका संध्याकाळी दोघं मिळून वही उघडा आणि जमलेल्या रकमेचे तीन भाग करा. पहिला, घरूनच भरून टाकायचे पैसे : खोली, कर, जाण्यायेण्याचं भाडं, आणि शक्य असेल तर जेवण. दुसरा, तिथे नक्की लागणारे : स्टेशन किंवा विमानतळापासूनची टॅक्सी, टिप, असलं काही. उरलेला तिसरा भाग उडवायचा. तो दोघांत निम्मा निम्मा वाटून घ्या, आणि आपल्या वाट्याचं कोणी काय केलं हे दुसऱ्यानं विचारायचं नाही. तुमच्या वाट्यातून तुम्ही दिवसाला चार कॉफ्या घ्या, नाहीतर एक टोपी घ्या. वही घरी राहील.

आता खोली. खोलीत फक्त झोपायचं असतं हे मिस्टरांचं म्हणणं शहरातल्या हॉटेलला लागू आहे. दिवसभर फिरून रात्री अंग टाकायला आलात, तर खिडकीबाहेर भिंत असली काय आणि डोंगर असला काय. समुद्रकाठी मात्र माणूस बाल्कनीत बसायला जातो. निदान तुम्ही तरी जाणार आहात. म्हणून प्रश्न एवढाच, की तुम्ही दोघं दिवसातले किती तास तिथे बसाल. सूर्य मावळल्यावर समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दुपारी ऊन असतं. राहिली सकाळ आणि संध्याकाळ. त्या दोन्ही वेळांना तुम्ही खाली वाळूतच असणार असाल, तर मिस्टर बरोबर. हातात कप घेऊन वरूनच बघत बसणार असाल, तर तुम्ही बरोबर. पत्रावरून मला तुम्ही बसणाऱ्यातल्या वाटता.

आणि पैशांचं म्हणाल तर तीन रात्री हा आकडा दगडावरची रेघ नाही. बागेकडच्या खोलीचा एका रात्रीचा दर १०० धरा आणि समुद्राकडच्या खोलीचा १५०. बागेकडच्या तीन रात्री म्हणजे ३००, समुद्राकडच्या दोन रात्रीही ३००. वर जेवण आणि हॉटेलची किरकोळ आकारणी रोजच्या रोज लागते, म्हणजे दोन रात्रींत ती एका दिवसाची वाचतेच. प्रत्यक्षातला फरक प्रत्येक ठिकाणी निराळा असेल, पण वहीत हे गणित मांडायला मिस्टरांना नक्की आवडेल. दुपारी २ ला खोली मिळाली आणि सकाळी ११ ला सोडली, तर तीन रात्रींचे ६९ तास होतात आणि दोन रात्रींचे ४५. जाहिरातीतले ‘दोन रात्री तीन दिवस’ म्हणजे हेच ४५ तास. ते वाढवायची सोय मात्र असते. सकाळीच पोचा, बॅगा रिसेप्शनला ठेवा, पोहण्याचे कपडे हाताशी राहतील असे ठेवा आणि खोली तयार होईपर्यंत पोहण्याच्या तलावावर जा. निघायच्या दिवशीही खोली सोडून बॅगा खाली ठेवल्या की संध्याकाळपर्यंत बऱ्याच ठिकाणी कोणी हटकत नाही, अंघोळीलाही जागा असते. फोनवर आधी विचारून घ्या.

मी असते तर दोन रात्री समुद्राकडच्या घेतल्या असत्या. एक रात्र इकडे आणि एक तिकडे असा मध्यममार्ग काढू नका. खोली बदलायची म्हणजे बॅगा भरा, खोली सोडा, दुसरी तयार होईपर्यंत लॉबीत बसा. अर्धा दिवस त्यातच जातो.

बुकिंग करताना शब्द नीट वाचा, कारण समुद्राच्या नावाखाली हॉटेलवाले चार प्रकारचा माल विकतात. ‘सी फेसिंग’ किंवा ‘सी फ्रंट’ म्हणजे सहसा समोर समुद्र. ‘सी व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो, पण मध्ये तलाव, पार्किंग, झाडं काहीही असू शकतं. ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीच्या कठड्यावर ओणवं होऊन मान डावीकडे वळवली की निळी पट्टी. आणि ‘बीचफ्रंट रिसॉर्ट’ हे विशेषण इमारतीचं असतं, तुमच्या खोलीचं नव्हे. हॉटेलनं टाकलेले फोटो रुंद भिंगातून काढलेले असतात, त्यात न्हाणीघरही दिवाणखान्याएवढं दिसतं. राहून गेलेल्यांनी टाकलेले अलीकडचे फोटो बघा, आणि नकाशावर वरून काढलेलं चित्र उघडून इमारत आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे ते मोजा. कधी कधी मध्ये चक्क रस्ता निघतो.

फोनवर आणखी दोन गोष्टी विचारा : बाल्कनी कुठल्या दिशेला आणि मजला कितवा. पश्चिमेकडे तोंड असेल तर सूर्यास्त खुर्चीत बसून मिळेल, पण दुपारी तीनपासून खोली तापेल. पूर्वेकडे असेल तर सूर्योदयासाठी उठावं लागेल, मात्र संध्याकाळी बाल्कनी सावलीत असेल. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री उलट. दिवसा सावली असेल तेव्हा समुद्राकडच्या बाल्कनीत बसवतं ते त्या खाऱ्या वाऱ्यामुळे, आणि बागेकडच्या बाजूला तो पोचेलच असं नाही. मजला शक्यतो वरचा मागा. तळमजल्यावरून वाळूत पटकन उतरता येतं खरं, पण येणारेजाणारे तुमच्या बाल्कनीसमोरून जातात आणि तलावाजवळचं संगीत थेट उशीशी येतं.

आता समजा, गणित काही केल्या बसलं नाही आणि समुद्राकडची खोली आवाक्याबाहेरच गेली. मग बागेकडच्या खोलीवर समाधान मानू नका, किनाऱ्यावरचं हॉटेलच सोडा आणि मागच्या गल्लीतलं साधं घ्या. माझं हे मत बऱ्याच जणांना पटत नाही. तरी मला तो मधला पर्याय सगळ्यात महाग वाटतो. जागेचं भाडं किनाऱ्याचं द्यायचं आणि बघायची कुंपणाची झुडपं! त्यात तलाव आणि वाळूत उतरायची पायवाट मिळते, हे खरं. पण समुद्र तर दोन मिनिटं चालून कोणालाही मिळतो. इसवी सन ५३३ मध्ये बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या काळात जो रोमन कायदा संकलित झाला, त्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनाराही निसर्गतःच सगळ्यांच्या सामाईक मालकीचा आहे असं लिहून ठेवलंय. आजचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण भरतीच्या रेषेखालची ओली वाळू अनेक ठिकाणी सार्वजनिकच आहे. हॉटेलच्या मालकीच्या असतात त्या खुर्च्या आणि छत्र्या.

जेवणाकडे वळते, कारण तुमच्या मिस्टरांची वही तिथेच जास्त वेळा बाहेर येणार. दरांच्या यादीत ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं दिसतील. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपीत नाश्ता आणि दोनपैकी एक जेवण, एपीत तिन्ही त्रिकाळ. त्यापुढचा प्रकार ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, त्यात पेयंसुद्धा आली. सुट्टीचं सगळं एकाच किमतीत द्यायची ही कल्पना जगभर पसरवली क्लब मेड या फ्रेंच रिसॉर्ट कंपनीनं. जेरार ब्लिट्झ यांनी १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ती सुरू केली. पुढे तिथे वरखर्चासाठी नोटांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालू लागले. पाकीट दिसलं नाही की खर्च टोचत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तुमच्यासाठी निकष सोपा आहे. नकाशावर रिसॉर्टपासून चालत जाण्याच्या अंतरावर खायच्या जागा आहेत का ते बघा. असतील तर सीपी पुरे. नसतील तर एमएपी घ्या, कारण रोज जेवायला टॅक्सीनं जाण्यात बचत कसली? एपी घेतलीत की दुपारी वाळूत लोळत असताना जेवणाची वेळ चुकू नये म्हणून धावत यावं लागतं. ऑल इन्क्लुझिव्ह परवडत असेल तर तुमच्या घरच्या शांततेसाठी त्याचा विचार करायला हरकत नाही, फक्त त्यात काय येत नाही याची यादी लेखी मागवा. कॉफीसुद्धा कधी कधी ‘मशीनची आत, ताजी काढलेली बाहेर’ असते. तुमच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा!

तारखांमध्ये लवचीक राहिलात तर सगळ्यात जास्त वाचेल. हॉटेलच्या खोलीची किंमत मागणीबरोबर रोज हलते. शुक्रवार-शनिवारच्या रात्री चढ्या आणि रविवार ते गुरुवार उतरत्या, असं सुट्टीच्या ठिकाणी साधारण असतं. चार ऋतूंच्या प्रदेशात जात असाल तर गर्दीचा हंगाम संपल्यासंपल्या जा. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं, त्यामुळे उन्हाळा सरल्यावरही समुद्र कोमट राहतो आणि दर मात्र खाली आलेले असतात. पण एखादा दर फारच खाली दिसला तर आनंदून जाण्याआधी कारण शोधा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर आहे आणि कॅरिबियनमधली स्वस्ताई बरीचशी त्यातच सापडते. दुसरं कारण म्हणजे शेजारी चाललेलं बांधकाम. ताजे अभिप्राय वाचले की ते बाहेर येतं.

बुकिंगच्या संकेतस्थळावर दर बघा आणि मग हॉटेलला सरळ फोन लावा. ही संकेतस्थळं हॉटेलकडून बरेचदा १५ ते २५ टक्के कमिशन घेतात. ते वाचणार असेल तर हॉटेलवाला काहीतरी सोडायला तयार असतो. दर कमी केला नाही तर नाश्ता, वरचा मजला किंवा खोली उशिरा सोडायची मुभा मागा. आणि एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘सगळं धरून हातात किती द्यायचे?’ कर, सेवा शुल्क आणि ‘रिसॉर्ट फी’ नावाचं प्रकरण यातच बाहेर पडतं. ही फी तलाव, वायफाय, टॉवेल असल्या गोष्टींची म्हणून रोज लावतात, तुम्ही त्या वापरा अगर नका वापरू. अमेरिकेत हा प्रकार इतका माजला की १२ मे २०२५ पासून तिथल्या नियमानं हॉटेलांना सक्तीच्या शुल्कासकट पूर्ण किंमत आधीच दाखवावी लागते. बाकी ठिकाणी आपण विचारलेलं बरं.

पोचलात की काउंटरवर हसतमुखानं कार्ड मागतील. वरखर्चाची हमी म्हणून ते काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ते द्या. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि खोली सोडल्यावर मोकळे व्हायला कधी कधी आठवडा जातो. रक्कम किती आणि कधी सुटणार, हे मिस्टरांना विचारू द्या, त्यांच्या आवडीचं काम आहे. त्याच लॉबीत कोणी एखादं मोफत जेवण किंवा सहलीचं कुपन पुढे करून ‘फक्त दीड तास आमची माहिती ऐका’ म्हणालं, तर पुढे चालू लागा. ती टाइमशेअरची, म्हणजे दर वर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क आधीच गळ्यात मारायची विक्री असते, आणि तुमच्या ४५ तासांतले दीड तास असे द्यायचे नाहीत.

तिथे गेल्यावर आणखी एक भूत मानगुटीवर बसतं, ते पैसे वसूल करण्याचं. व्यायामशाळा आहे तर जायला हवं, तलाव आहे तर डुंबायला हवं, बुफे आहे तर बारा पदार्थ चाखायला हवेत. आधी भरलेले पैसे जास्त खाल्ल्यानं परत येत नाहीत, पोट मात्र बिघडतं. फुकट मिळणाऱ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट समुद्र आहे, त्याचं वेळापत्रक जाणून घ्या. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. अरुंद किनाऱ्यावर तेव्हा पाणी पायऱ्यांना लागतं आणि बसायला वाळूच उरत नाही. ओहोटी मात्र त्याच दिवसांत सगळ्यात लांबवर जाते. तुमच्या तारखांना संध्याकाळी ओहोटी येत असेल तर चालायला ऐसपैस किनारा मिळेल. पाण्यात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, कारण तिथे जीवरक्षक असतो. लाल झेंडा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही नको.

दिवसभरात ‘खोलीवर टाका’ म्हणून तुम्ही चिठ्ठ्यांवर सह्या कराल. सही करण्याआधी चिठ्ठी उलगडून बघा. कधी कधी वर सेवा शुल्क लावलेलं असतं आणि तरी खाली टिपसाठी रिकामी रेघ असते. अशा वेळी त्या रेघेवर काट मारून मग सही करा. टिप द्यायचीच असेल तर ज्यानं वाढलं त्याच्या हातात द्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवरून बिलाची प्रत मागून घ्या. सकाळी टॅक्सी दारात उभी असताना मिनीबारच्या न उघडलेल्या बाटलीवरून वाद घालणं जमत नाही. ही प्रत तपासायला मिस्टरांना वही वापरायची मुभा आहे, फक्त एकदाच, पंधरा मिनिटं, आणि तुम्ही तेवढ्यात बाल्कनीत कॉफी मागवा, तुमच्या वाट्याच्या पैशांतून.

ता. क.चं उत्तर : हो, डबा भरणं चूकच. बुफेचे पैसे तिथे बसून खाण्याचे असतात, कितीही खा. जाता जाता हातात एखादं फळ नेलंत तर कोणी बघत नाही. झाकणाचा डबा मात्र सगळे बघतात, आणि लाज तुम्हाला वाटेल, मिस्टरांना नाही. पहाटे निघावं लागणार असेल आणि नाश्ता बुडणार असेल, तर आदल्या रात्री रिसेप्शनला सांगा. बांधून देता येईल का असं विचारलं की बरीच हॉटेलं देतात. त्याचे पैसे तुम्ही खरंच भरलेले असतात.